ताशी वीस

सात नंबरच्या खाटेवर खल्फान बिन राशिद,
सोहारचा कोळी, वय चौसष्ट,
वजन: माहीत नाही.
जो उभा राहू शकत नाही त्याला मी टेपने मोजते,
कोपरापासून मनगटापर्यंत,
त्यावरून उंची, उंचीवरून वजनाचा अदमास.
तळव्यात दोरीचे जुने घट्टे.
साडेसत्तावीस सेंटिमीटरमधून
अख्खा माणूस उभा करायचा कागदावर.

मग वजाबाकी.
झोपेचं औषध इथे दुधासारखं पांढरं, तेलात घोटलेलं.
म्हणजे झोपही थोडं खाणंच.
तिच्या कॅलरी आधी धरायच्या,
उरेल ते नाकातल्या नळीने.
ताशी वीस मिलिलिटर.

वाशीमला स्टँडमागे बाबांची खानावळ होती.
तिथे वजाबाकी नव्हती.
ताटावर हात आडवा धरला
तरी बोटांवर पोळी पडायची.
मी त्यांना फोनवर सांगितलं,
दहा दिवसांच्या उपाशी पोटात एकदम भरलं
तर रक्तातलं फॉस्फेट कोसळतं, काळीज अडखळतं,
अन्नानेसुद्धा माणूस जातो, बाबा.
ते बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले, म्हणून तर पंगतीत म्हणायचं,
सावकाश होऊ द्या.

खल्फानची मुलगी शम्सा रोज काचेपाशी येते
आणि एकच शब्द विचारते: अकल?
नवी होते तेव्हा वाटायचं
ही माझी अक्कल काढतेय.
तिला विचारायचं असतं, जेवला का?
मी पंपाकडे पाहून सांगते,
एकशे चाळीस.
ती मान हलवते, जणू मी म्हटलं
दोन भाकरी, वर ताक.

रमजानात संध्याकाळी अजान झाली
की कॉरिडॉरमध्ये खजुराच्या डब्याचं झाकण उघडतं.
सिस्टर हुदा घोटभर पाणी पिते, डोळे मिटते.
पंप तेवढा थांबत नाही, दिवसा नाही, रात्री नाही.
शम्साने विचारलं, याने बाबांचा रोजा मोडतो का?
आजाऱ्याला माफी असते, हुदा म्हणाली.
शम्सा म्हणाली, ते मला माहितीय,
त्यांना कोण सांगणार?

तीन नंबरवर चित्रबहादुर होता.
बंदरावरचा वेल्डर, उन्हाने पाडलेला.
माझ्या फॉर्मवर एक रकाना आहे, आवडीनिवडी.
कंपनीच्या माणसाकडे पासपोर्ट होता, तो रकाना नव्हता.
कॅम्पातला सोबती आला, हेल्मेट काखेत घेऊन,
म्हणाला, मिरची फार खायचा, मॅडम.
मी लिहिलं: मिरची.
व्हॅनिलाच्या वासाचं ते बेज दूध
चालू ठेवलं.
गुरुवारी पहाटे तो गेला तेव्हा
पिशवीत तीनशे दहा उरलं होतं.
तेही लिहावं लागतं, न दिलेलं या रकान्यात.
आमच्याकडे म्हणतात, इथलं अन्नपाणी संपलं.
संपलं कुठे होतं.

आज खल्फानची नळी काढली.
गिळता येतं का बघायला मी चमचाभर दही नेलं,
खाट उंच केली, हनुवटी खाली घ्या म्हटलं.
बाळाचं उष्टावण करताना
मामाचा हात कापतो तसा माझा कापला.
कंठ वर गेला.
थांबला.
खाली आला.
खोकला नाही.
त्याने तोंड वाकडं केलं,
घोगऱ्या आवाजात काहीतरी बोलला.
हुदा हसायलाच लागली:
म्हणतोय, याला मीठ नाही,
आणि कनद कुठाय?

कनद म्हणजे सुरमई.
आज नाही, मी म्हटलं, आज दही,
उद्या दही, परवा बघू.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं एखादं गिऱ्हाईक बाबांकडे पाहायचं,
भाजी संपली म्हटल्यावर.

मी दुसरा चमचा भरला.
काचेपलीकडे शम्सा. आज तिने काही विचारलं नाही,
नुसतं बघत होती,
आणि बाप गिळत होता तेव्हा
तिचाही गळा हलत होता.