सामन्याची पत्रिका

टॅनरी लेनच्या फाटकाशी
विनिफ्रेड ऑल्डरशॉ उभी राहते अजून.
गळ्यात तीच कॅनव्हासची पिशवी,
चिल्लरीच्या ओझ्यानं कायमची एका अंगाला कललेली.
आता आत चिल्लर नाही,
प्लास्टिकमध्ये घातलेला एक पुठ्ठा फक्त,
काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा.
"यावर फोन धरा," ती सांगते
आणि स्वतःच ओशाळते.

बत्तीस पानं असायची.
खाटकाची जाहिरात, मॅनेजरचं गुळमुळीत मनोगत,
नावांमध्ये हमखास एखादी चूक.
अकरा नंबरवाला ऐन वेळी लंगडला
की भोंग्यातून दुसरंच नाव यायचं
आणि अख्ख्या स्टँडमध्ये खुडबुड:
पेन्सिल कुणाकडे आहे, पेन्सिल?
ओली शाई बोटांना लागायची,
बोटांवरून चहाच्या कपाला.

माझ्याकडे एक पत्रिका आहे,
त्रेसष्टच्या जानेवारीतली.
मैदान दगडासारखं गोठलं,
सामना झालाच नाही.
स्टेपल गंजलीय. मधल्या पानावर मात्र
सगळे तयार आहेत:
गोलकीपर – कॉलिन थ्रेलफॉल, वय एकोणीस,
आज पहिल्यांदाच.

बर्फ वितळेपर्यंत
जुन्या गोलकीपरचं मनगट बरं झालं,
आणि मी गिरणीत कायम झालो.

विनिफ्रेड माझ्यापुढे पुठ्ठा धरत नाही.
तिला ठाऊक आहे.
माझ्या नावाचे खिळे
तिच्या वडिलांनी जुळवले होते,
एकही उलटा पडला नव्हता.