साडेसातशे मिली

पहाटे पाचला मी आधी पाणी जोखते.
माणसं नंतर येतात.
परळच्या या खोलीत सहा खुर्च्या, सहा यंत्रं,
आणि मागे पत्र्याच्या दाराआड निळ्या नळकांड्या,
ज्यांतून गेल्यावर तानसाचं पाणी
सगळं विसरून येतं:
क्लोरीन, कॅल्शियम, धरणाचा गाळ,
पाइपांचा गंज.
पट्टी बुडवते. रंग बदलत नाही.
वहीत सही.

हशाकाका मंगळवार, गुरुवार, शनिवार.
भाऊच्या धक्क्यावर बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं.
काट्यावर चढतात, माझ्याकडे न बघता.
दोन किलो आठशे जास्त.
‘काका, कुठेतरी पाणी मुरतंय.’
अंगठ्याने घोटा दाबते.
खळगा पडतो, आणि भरून यायला
फार वेळ घेतो.
‘लेकीकडे सोलकढी होती,’ म्हणतात. ‘वाटीभर.’
वाटी केवढी, ते मी विचारत नाही.

दिवसाला साडेसातशे मिली.
त्यात चहा आला, डाळ आली, गोळीमागचा घोट आला.
आणि इथे चार तासांत, त्यांच्या रक्ताच्या पलीकडून,
पातळ पडद्याआडून
मी एकशेवीस लिटर वाहवते.
मोरीत पडणारी धार ते ऐकत असतात.
एकदाच म्हणाले, ‘केवढं गो.’

डिप्लोम्याच्या वर्गात फळ्यावर काढलेला रेणू
वाकडा होता.
मधे ऑक्सिजन, दोन बाजूंना हायड्रोजन,
एकशेचार अंश, वर अर्धा.
सरळ असता
तर एका टोकाला उणं, एका टोकाला अधिक राहिलं नसतं,
मिठाला कुणी ओढून सुटं केलं नसतं,
शेजारच्या रेणूला धरून ठेवलं नसतं,
आणि मुंबईच्या या उकाड्यात ते पाणी म्हणून टिकलंच नसतं;
वाफ होऊन गेलं असतं केव्हाच,
शिवडीची खाडी आणि आम्हा सगळ्यांना घेऊन.
परीक्षेत हा प्रश्न चार मार्कांना होता.
मला अडीच मिळाले.

दुसऱ्या तासाला ओठ सुकतात.
मी बर्फाचे दोन खडे देते, मोजून;
घोटापेक्षा खडा जास्त टिकतो.
ते एक उजेडाकडे धरतात, मग गालात ठेवतात.
‘घाईत गोठवलाय. मधी पांढरा हाय.’
मग कारखाना सुरू होतो:
उणे दहाला न गोठणारं मिठाचं पाणी,
त्यात उभे डबे, डब्यांत लाद्या.
‘डबा गच्च भरायचा नाय. सगलं थंडीत आकसतं,
पानी एकलं फुगतं.
नव्या पोरानं भरला एकदा. फाटला.’
‘का फुगतं?’
हे त्यांनी मला विचारलं. एकतीस वर्षांनी.

‘एरवी हात धरतात, सोडतात, काका,
डोळा लवायच्या आत अब्जावधी वेळा.
गोठताना प्रत्येक जण चौघांना धरतो,
हात लांब करून. मधे जागा राहते.’
ते खडा या गालातून त्या गालात नेतात.
‘म्हंजे लादी तरंगतं
ते रिकाम्या जागंवर.’

दुसरा खडा त्यांनी खाल्ला नाही.
‘पेला काठोकाठ भर. ह्याला त्यात सोड.
थोडा वर राहील. वितळल्यावर सांडेल का नाय, बोल.’
‘सांडेल,’ मी म्हणाले, अडीच मार्कांच्या हिमतीवर.

पेला त्यांच्या समोर, हाताच्या अंतरावर.
त्यांनी हात लावला नाही.
तहानलेला माणूस पाण्याकडे असं बघताना
मी पाहिला नव्हता:
मासेमाराने भरतीकडे बघावं तसं, वेळेसाठी.
खडा बोटाएवढा, मग नखाएवढा,
मग नुसता एक चकाकणारा ठिपका.
पाणी काठावर ताणून धरलेलं,
फुगीर, थरथरतं,
मशीनच्या धक्क्याने हलत,
आणि खाली फॉर्मायका कोरडा.

सुया काढल्या. कापूस, पट्टी.
काटा: दोन किलो सातशे कमी.
शंभर ग्रॅम सोलकढी अजून आत.
हशाकाकांनी चप्पल घातली,
पेला उचलला, एक थेंब न सांडता,
आणि माझ्या हातात दिला.
‘पी. तुज्या हिशेबात बसतंय.’

उभ्याउभ्या प्याले.
वहीचं पान उघडं होतं.