पहिली चिठ्ठी

गेल्या मोसमात आम्ही खालून पहिले,
म्हणून यंदा पहिली निवड आमची.
दोंडाईच्याच्या व्हॉलीबॉल लीगचा नियमच तसा:
जो सगळ्यात जास्त हरला, त्यानं आधी हात घालायचा.

बैठक भटूशेठच्या मिरचीच्या वखारीत.
पोत्यांवर पाच जण, पाचही शिंकतोय,
आणि तराजूच्या दोन पारड्यांत, गंमत म्हणून,
कुणीतरी ठेवलेत दोन फोटो.

एकात हर्षल गिरासे, मालपूरचा, सहा फूट तीन.
तो मारतो तेव्हा आवाज आधी येतो,
बॉल कुठं गेला हे मागाहून कळतं.
दुसऱ्यात दिलवर पावरा, धडगावच्या डोंगरातला,
वय एकोणीस. लिफ्टर.
फोटोतही कॅमेऱ्याकडं बघत नाही,
नेटपलीकडं कुणीतरी हललंय, त्याच्याकडं बघतोय.

साहेबराव म्हणतो, "आपले मारनारा जोयजे.
लिफ्टरले कोन टाळ्या वाजाडस?"
कुणीच नाही.
मला माहीत आहे.

अठ्ठावीस वर्षांमागं याच गावानं
मला असाच सगळ्यांआधी उचलला होता.
म्हणायचे, बॉल याच्या बोटांत क्षणभर थांबतो,
पत्ता विचारतो, मग जातो.
पण मागं उचलणारं कुणी नव्हतं.
समोरून सर्व्हिस यायची, आमच्यांच्या मनगटांवरून
बॉल सुटायचा खांबाकडं, भजीच्या गाडीकडं,
एकदा तर सुरत लाइनच्या रुळांपर्यंत,
आणि त्याच्यामागं मी.
तिसऱ्या मोसमात डावा गुडघा गेला.
गाव म्हणालं, पोऱ्यामा दम नही व्हता.

यातलं काही मी बैठकीत बोललो नाही.
एवढंच म्हणालो, आधी मागची फळी बांधू,
रिसीव्ह करणारा घेऊ, साधा, खाली वाकणारा.
भटूशेठ हसून हसून लाल, मिरचीपेक्षा:
"मास्तर, घोडा सोडीसन खोगीर ली का आपू?"
मग हसू पुसून, हळू आवाजात:
"आनि पुढला साले आपू शेवटला नही ऱ्हायनूत तं?
आसा पोऱ्या परत आपला वाटाले कधी येई?"
ते खरंच.
शेवटचं राहायलाही नशीब लागतं.

मागच्या रविवारी मी शहाद्याला जाऊन आलो, कुणाला न सांगता.
चौथ्या गेमला त्याच्या मागच्यानं बॉल पार वाकडा काढला,
जसा माझ्या वाट्याला यायचा, अगदी तसाच.
दिलवर धावला, गुडघ्यांवर घसरला, दोन बोटांवर तोलला
आणि नेटच्या कडेला अलगद ठेवला.
स्मॅश बसला की नाही, त्यानं पाहिलंच नाही.
मागं वळून त्या चुकलेल्या पोराला काहीतरी म्हणाला.
चहाच्या टपरीवर मी विचारलं, काय बोललास रे?
"काही नही. सांगं तेले, परत दे. आठेच दे."
मग बशीतला चहा फुंकत त्यानं मला विचारलं,
"तुम्हना गावमा मांगे कोन शे?"
मी टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला.

आता दोन मतं गिरासेला, दोन दिलवरला,
आणि पेन माझ्या हातात,
ज्या हाताचं मधलं बोट अजून सरळ होत नाही.
बाहेर हमाल पोती लावतायत, पथारीवर मिरची वाळतेय,
आणि नऊच्या आत चिठ्ठी पोचवायचीय.
मी "दि" लिहितो आणि शिंक येते,
वेलांटी फाटकापर्यंत जाते.
पुढचं नाव तिच्या खाली बसवतो कसंबसं.

"साहेबराव," मी म्हणतो, "तुझी दोन्ही पोरं
उद्यापासून पहाटे साडेपाचला मैदानावर.
मनगटं लाल झाली तर आईला तक्रार नको."
तो चिठ्ठीकडं बघतो, मग माझ्या पायाकडं.
"सर्व्हिस कोन मारी त्यास्ले? तुम्ही?
आनि गुडघा?"

मी चिठ्ठीची घडी घालतो.
खुर्ची आण म्हणावं एक, घरून.