बयल

बैलहोंगलला एका डेअरीची पाटी,
माझ्या हातची पहिली.
अनगोळहून लाल बसनं डबे घेऊन गेलो.
वर दोन लिप्यांत नाव, खाली दर.
मालक म्हणाला, कोपरा रिकामा दिसतोय, काढ काहीतरी.
मी बैल काढला.
खिलारी, शिंगांना पितळी शेंब्या,
वशिंड जरा जास्तच झालं.
गावाच्या नावातच बैल आहे,
विचारायचं काय त्यात.

समोर ताक विकत बसलेली गंगव्वा
आधी गालात हसली, मग पदर तोंडाला लावून.
"एत्तु यल्लिंद बंतु, तम्मा?"
बैल कुठनं आला रे बाबा.
एक तर बैल दूध देत नाही,
आणि हे बैल नव्हेच, बयलु.
तिनं तळहात हवेत आडवा फिरवला,
सारवल्यासारखा,
आणि हात थांबला तिथंही ते संपलं नव्हतं.

बयलु. उघडं, सपाट, ज्यावर काही नाही ते.
आमच्या जिभेवर येईपर्यंत
त्याला चार पाय फुटले, वेसण लागली.
रिकामं बघवत नाही बहुतेक आम्हाला.

परत येऊन बसलिंग मास्तरांना सांगितलं.
ते ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवत होते.
म्हणाले, सकाळी तांब्या घेऊन जायचं, ते बयल.
रात्रभर सोंगं नाचायची, तो बयलाट.
गुपित फुटलं तरी बयल झालं म्हणतात,
आणि आमच्यात जाणतं माणूस गेलं, तरी
बयल झालं.
तांब्यापासून तिथवर एकच शब्द.
"तुमच्यात काय म्हणतात?"

मी म्हटलं, माळ.
"ते आमच्यातही आहे की.
कोण कुणाकडनं घेऊन गेलं बघायला
तेव्हा नाका नव्हता."
मग मैदान म्हटलं, तर ते
घोड्यावरनं आलेलं, दोघांच्याही दारात.
आणि आमच्या बाजूला मैदान ही जागा नसतेच,
मैदान भरतं:
येळ्ळूरच्या वाटेवर, भात कापलेल्या
कुणाच्याही शेतात,
तांबडी माती, हळद, ताक, लिंबू,
हलगी वाजते तोवर मैदान,
अंधार पडला की परत शेत.

अनगोळचा माळ मी शेवटचा रंगवला तो असा:
साईट विकणे आहेत, तीस बाय चाळीस.
दगडांवर चुन्यानं आकडे घातले, एक ते एकशे बारा.
आता एकशे बाराजवळ उभं राहिलं
तर एक दिसत नाही.

एका रात्री चौकातल्या पाट्यांवर डांबर गेलं,
काहींवर या लिपीवर, काहींवर त्या.
पुसायला आम्हालाच बोलावलं, दोघांनीही.
मास्तर खरवडत होते, मी मागून पांढरा हात देत होतो.
अक्षराआधीचा तो पहिला पांढरा हात,
त्याला मास्तर बयलच म्हणायचे.
"बयल वाळू दे. घाई करू नको."
कामाला लागल्यापासून ऐकत होतो,
मला वाटायचं रंगाचंच नाव असेल.

मास्तर गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी
डेअरीवाल्याच्या पोराचा फोन आला.
बैल उडालाय, नुसतं वशिंड राहिलंय,
लोक मात्र एत्तिन डेअरीच म्हणतात,
तर येऊन तोच काढा, नाहीतर गाय काढा यावेळी.
गेलो. पोपडे खरवडले.
कोपऱ्याला एक पांढरा हात दिला
आणि समोर जाऊन बसलो.
गंगव्वाच्या जागी तिची सून बसते.
ताक घेतलं, जिरं जास्त होतं.
हवा दमट, वाळायला वेळ लागतो.
पोरगा दोनदा येऊन विचारून गेला,
झालं काय?
म्हटलं, थांब की जरा.