दुसरा अर्जदार

बँकेच्या अर्जात एक रकाना आहे :
दुसऱ्या अर्जदाराचं मासिक उत्पन्न.
तो रिकामा ठेवला की पान पुढे सरकत नाही,
खाली लाल अक्षरं उगवतात, कृपया पूर्ण करा.

माझं उत्पन्न मी लिहिलंय. चौदाशे ऐंशी युरो.
टेकडीवरच्या इस्पितळाच्या तळघरात
परक्यांचं रक्त मोजण्याबद्दल.
मोजायचं मला वावडं नाही.
साडेआठशे भाडं जातं. एक जुलैपासून बाराशे,
असं मालकिणीचं पत्र आलंय, जाड कागदावर,
शेवटी 'सप्रेम'.

सकाळी तेल्मोनं एक घर दाखवलं.
मोरारिया, चौथा मजला, लिफ्ट नाही.
वर पोचेपर्यंत त्याला धाप लागली.
तेवीस चौरस मीटर, दोना इडालिना,
पलंग भिंतीत मिटतो, टेबल पलंगात मिटतं.
आणि माणूस?
तो हसला. मग हसू मिटून ठेवलं त्यानंही.

मी म्हटलं, एक मिनिट,
आणि कोट न काढता फरशीवर आडवी झाले.
डोकं दाराला टेकलं, टाचा ओट्याखाली गेल्या.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल,
पण माझी उंचीच आहे पाच फूट दोन.
तेल्मो सभ्य मुलगा, छताकडे बघत राहिला.
छतावर ओल होती, मलाही दिसली, खालून.
उतरताना म्हणाला, मी बारेरोला राहतो, नदीपार,
आईकडे.
तिशी कधीच ओलांडलीय त्यानं.

तुम्हीही जा ना नदीपार, सगळे सांगतात.
तळमजल्यावरचे अबीलियो सांगतात,
ज्यांचा करार इतका जुना आहे
की मालकीण त्यांना विचारते, तब्येत कशी आहे,
आणि उत्तर नीट ऐकून घेते.
आमच्या जिन्यात सहापैकी चार दारांना
किल्ल्यांच्या लोखंडी डब्या लटकतात.
पहाटे चाकांच्या बॅगा दगडी पायऱ्यांवरून
ठक ठक ठक उतरतात,
आणि मी जागी नसले तर जागी होते.

पण रात्री अपघात विभागातून फोन आला
की नऊ मिनिटांत मी सूक्ष्मदर्शकापाशी असते.
नऊ. चालत. चढ धरून.
मधे नदी आली तर शेवटची बोट केव्हाच गेलेली असते,
आणि रक्त काही बोटीची वाट बघत नाही.

बँक म्हणते, सत्तराव्या वर्षापर्यंत फिटलं पाहिजे.
मी सत्तेचाळीस. उरली तेवीस.
तेवीस वर्षं, तेवीस मीटर,
वर्षाला एक मीटर माझा!
पहिल्या वर्षी पायपुसण्याची जागा.
चौथ्या वर्षी शेगडी, तोवर बँकेच्या शेगडीवर सूप.
नवव्या वर्षी निदान उशी ठेवण्यापुरतं.
न्हाणीघर मी साठीनंतर घेईन.
खिडकी शेवटी ठेवलीय मुद्दाम,
तिच्यातून समोरच्या बाईचे वाळत घातलेले
निळे मोजे दिसतात, आणि दोन छपरांच्या फटीत
नखाएवढी तेजू नदी.

रकान्यात मी शून्य टाकलं.
लाल अक्षरं : शून्यापेक्षा मोठा आकडा लिहा.
आई असती तर तिचं पेन्शन लिहिलं असतं.
घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून;
दुसरं केलं नाही म्हणून पहिलं अडलंय,
हे यंत्राला कुणी सांगितलं?
मी लिहिलं, एक.
एक युरो.

पान सरकलं.

दुसऱ्या अर्जदाराचं संपूर्ण नाव.

रेघ लुकलुकतेय.
तेल्मो, असं लिहून पुसलं, उगाच, हसू आलं म्हणून.
खाली एक बॅग पायऱ्या चढतेय, कुणी तरी
चुकीचा आकडा पुन्हा पुन्हा फिरवतंय डबीवर.

फोन वाजतो.
ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या, लवकर, इडालिना.
मी जोडे चढवते. दिवा तसाच.
अबीलियोंच्या दाराखाली उजेड आहे, त्यांचा रेडिओ खोकतो.
रस्ता ओला, चढ तोच,
आठ मिनिटं चाळीस सेकंद.