समाविष्ट

आपटे रोडला, दुसऱ्या मजल्यावर, रविवारी
पोंक्षे मॅडमनी स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या वाटल्या.
अभिरूप संसद. आम्ही अकरा, देश सत्तावीस,
म्हणून कुणाला दोन, कुणाला चार.
एलिशा साळवेला फ्रान्स, पोलंड आणि माल्टा.
मुदस्सरला एकटा बल्गेरिया, आणि खाली बारीक अक्षरात काहीतरी,
जे त्याने मुठीत लपवलं.
माझ्या चिठ्ठीत उत्तर मॅसिडोनिया.
म्हटलं, मॅडम, हा तर यादीत नाहीये.
त्या म्हणाल्या, म्हणूनच. तू दाराबाहेर.

तोवर युरोप म्हणजे आम्हाला
बी-वन, बी-टू, धातूंची रूपं,
बँकेत अडकवून ठेवायचे लाखो रुपये,
एलिशाचं नर्सिंग,
एका शिक्क्यावर किती गावं फिरता येतात त्याचा हिशेब.
आत कोण, बाहेर कोण ताटकळतंय
हे विचारायला कुणाला फुरसत होती?

रात्री वाचत बसले.
मी रांगत होते त्या वर्षी त्यांना उमेदवार म्हटलं गेलं.
मी दहावी झाले, ते उमेदवार.
शेजाऱ्याला नाव खुपत होतं,
तर त्यांनी नावाआधी 'उत्तर' लावलं,
पाट्या बदलल्या, पासपोर्ट बदलले.
मग दुसरा शेजारी दारात येऊन उभा राहिला.

आमच्या फुरसुंगीत आधी शहराचा कचरा आला,
शहर मागाहून.
पाटी लागली, समाविष्ट गाव.
घरपट्टी वाढली. पाणी टँकरचंच.
मग एक दिवस आम्ही परत बाहेर.
दादा म्हणतो, काढलं आपल्याला.
काका म्हणतात, आपण निघालो.
हा विषय जेवताना निघत नाही.

तीन मिनिटं होती. न्यायालयं, कायदे, टक्केवारी,
सगळं पाठ होतं.
पण मधेच माझ्या तोंडून निघालं,
"आम्ही नावसुद्धा बदललं हो,"
आणि ते 'हो' इतकं घरगुती आलं
की मागच्या बाकावरची जर्मनी हसली.

मतदान. हात वर.
एलिशाने तीन देशांसाठी एकच हात केला, मॅडमनी चालवून घेतलं.
सव्वीस झाले.
मुदस्सर वहीकडे बघत राहिला.
एक नाही म्हणजे नाही, असा नियम.
खाली येऊन त्याने स्कूटरची किल्ली दोनदा पाडली.
"चिठ्ठीतच तसं लिहिलं होतं गं."
"माहितीये."
"हडपसरपर्यंत सोडू?"
सोड म्हटलं. शेजारी तर आहेस.

वेशीजवळच्या पाटीवर नवा रंग दिलाय,
ऊन तिरकं पडलं की जुनी अक्षरं खालून वर येतात.

आई ओट्याशी तांदूळ निवडत होती.
"घेतलं का तुझ्या देशाला?"
"नाही. नाव बदललं होतं तरी."
ती काही बोलली नाही.
माहेरी ती कालिंदी.
लग्नात ताटभर तांदळात अंगठीने
बाबांनी 'अश्विनी' लिहिलं,
आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मला हे माहीत होतं, लहानपणापासून.
विचारलं मात्र आज:
"तुला विचारलं होतं का गं कुणी?"

तिचं बोट परातीत थांबलं.
मग एक काना ओढला, किंवा नुसताच खडा बाजूला सारला,
मला नीट दिसलं नाही.
बाहेर टँकरचा हॉर्न वाजला
आणि तिने परात हलवून
सगळे तांदूळ सारखे केले.
"हंडा घे," म्हणाली, "आज आपला नंबर आधी आहे."