उन्हाची हजेरी

पहाटे साडेचारला मी छपरावर असते.
खाली मैदान काळं, चुन्याच्या रेषा तेवढ्या
वाळत घालून विसरलेल्या दोरीसारख्या.
लांब दांड्याचा पोछा, टाकीचं पाणी.
बोअरचं चालत नाही, खारं आहे,
काचेवर डाग धरतं
अन् डागामागे ऊन अडून बसतं.

दोन हजार एकशे साठ काचा. मी मोजल्यात.
साहेबांच्या कागदावर चौसष्ट आहेत.
त्या चार कुठं गेल्या, ठेकेदाराला विचारा.

रोज रात्री वीजघराच्या चिमणीची राख उतरते,
चक्कीवरच्या पिठासारखी मऊ.
तीस वर्षं ती सरगुंड्यांच्या वाळवणावर पडली,
तुरीच्या फुलावर, झोपल्या लेकरांच्या पापण्यांवर.
तेव्हा पुसायचे पैसे कोणी दिले नाहीत.
आता त्याच राखेचे रोजी साडेतीनशे.
रात्रपाळीचा लटारू कुमरे म्हणतो,
"वैनी, कोळसा अन् सूर्य भांडून राहिले,
तुम्ही त्याईच्या पंच."

आमच्याकडचं ऊन म्हणजे
कामधंदा नसलेला थोरला दीर.
अकरापासून दारात पाय पसरून बसायचा,
कोणाला बाहेर पडू द्यायचा नाही.
कुत्री नालीत, कांदा खिशात,
डांबराला चिकटलेली एक चप्पल
रस्त्याच्या मधोमध.
तोच आता नोकरीला लागला.
मी त्याची हजेरी लिहिते:
दिनांक, युनिट, शेरा.
*ढगाळ, अर्धा दिवस.*
*धूळवादळ, गैरहजर.*
*उद्घाटन:* पाहुण्यांचं हेलिकॉप्टर उतरलं,
काचा पुसायला तीन दिवस लागले.

परवा पोरींच्या कबड्डीची फायनल होती.
साडेआठला तालुक्याची लाइन गेली.
छपराच्या जिन्यावरून मी पाहिलं,
एकामागून एक गावं विझली,
आधी नदीपलीकडची, मग आमचं,
माझं कवेलूचं घरही त्यात.
स्टेडियम तेवढं उजेडात राहिलं,
बॅटरीच्या खोलीत भुंगा गुणगुणावा तसा आवाज.

मग लोक आले. खेळ पाहायला नाही.
मोबाइल घेऊन आले, चार्जरची गुंतवळ घेऊन,
एक बाई लग्नाचे ब्लाऊज घेऊन,
सुकरू मडावीला खाटेसकट आणलं,
त्याचं वाफेचं मशीन स्कोअरबोर्डच्या प्लगला लावलं.
आयोजक ओरडले. मग त्यांनीच खाट सावरली.

मैदानावर वनिता आत्राम चढाईला गेली होती.
दुपारी दोनचं ऊन
रात्री नऊला तिच्या खांद्यावर पडलेलं.
एका दमात ती म्हणत होती,
इकडे म्हातारा दम शोधत होता,
अन् एवढ्या गर्दीत मला हे दोनच आवाज येत होते.
तिनं दोघींना शिवलं, वळली, झेपावली.
रेघेला वीतभर कमी पडली.

पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. हरलो आपण.
ती तशीच पडून राहिली, तोंडात माती,
मग उठली अन् आधी
खाटेकडे पाहिलं.
मशीन चालू होतं.

दिव्यांच्या झोतात बारीक काहीतरी उतरत होतं.
लोकांना वाटलं, किडे.
मी बादली उपडी घालून तिच्यावर बसले होते.
उठले, सरळ केली,
नळाखाली लावली.